कोरड्या भागातील वराहपालनात लेप्टो: डुकरीण गाभडली की आधी काय, नंतर काय

लेप्टोस्पायरोसिस म्हटले की आपल्याकडे कोकणातली भातखाचरे आणि मुंबईतले तुंबलेले पाणी आठवते. त्यामुळे सोलापूर, बीड, धाराशिव, जालना या पट्ट्यात डुकरीण दिवस भरायच्या आत गाभडली, तर उन्हाला किंवा खाद्याला दोष देऊन विषय संपतो. दुसरी गाभडली की दुकानातून प्रतिजैविक आणून सगळ्या कळपाला टोचले जाते. डॉक्टरांना बोलावणे जाते ते तिसरी गाभडल्यावर. तोवर आधीचे गर्भ उकिरड्यावर कुत्र्यांनी खाल्लेले असतात, कळपाच्या अंगात औषध भिनलेले असते आणि प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही.

या आजारात नुकसान होते ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी वेगळे करणे, मग नमुने, मग औषध, आणि त्याच वेळी शेडमधली ओल तोडणे, असा हा क्रम आहे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

## आधी एवढे समजून घ्या

लेप्टोचा जिवाणू मळसूत्रासारखा असतो आणि जनावराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. तिथून तो लघवीवाटे बाहेर पडतो. संसर्गानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लघवीतून तो सर्वाधिक सुटतो, पण पुढे कित्येक महिने कमी-अधिक प्रमाणात, मधूनमधून सुटतच राहतो. मादी दिसायला धडधाकट असते, खाते-पिते आणि दररोज शेजारणीच्या पुढ्यात जंतू सांडत असते.

बाहेर आल्यावर त्याला ओल लागते. ओलसर माती किंवा साचलेले पाणी असेल आणि त्याचा सामू उदासीन ते किंचित अल्कधर्मी असेल, तर तो आठवडेच्या आठवडे टिकतो. पूर्ण वाळलेल्या जागी, कडक उन्हात किंवा आम्लात तो लवकर मरतो. म्हणजे दुष्काळी भागाची हवा आपल्या बाजूची आहे. आजार टिकतो तो आपण स्वतः तयार केलेल्या चार-दोन ओल्या जागांत, आणि अशा भागात सगळी जनावरे, उंदीर, कुत्री त्याच चार-दोन जागांवर गोळा होतात. ब्राझीलच्या ईशान्येकडील काटिंगा या अर्धशुष्क पट्ट्यातही डुकरांमध्ये हा संसर्ग सापडला आहे. पाऊस कमी म्हणून लेप्टो नाही, हा हिशेब धरू नका.

डुकरांत या जिवाणूचे पोमोना, ब्रातिस्लाव्हा आणि तारासोवी हे प्रकार मुक्काम करणारे मानले जातात. उंदराकडून इक्टेरोहिमोरेजी आणि कुत्र्याकडून कॅनिकोला हे प्रकार येऊ शकतात. ही नावे पाठ करायची गरज नाही, पण प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना कामी येतील.

## टप्पा १: काही घडण्याआधीची तयारी

दोन गोष्टी हाताशी ठेवा: नोंदवही आणि पेटी.

नोंदवहीत प्रत्येक मादीचा बिल्ला क्रमांक, कोणत्या तारखेला कोणत्या नराकडून भरवली, उलटली (पुन्हा माजावर आली) का, किती पिल्ले जिवंत, किती मेलेली आणि किती अशक्त हे लिहा. डुकरिणीचा गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा. १० जानेवारीला भरवलेली मादी २० एप्रिलला गाभडली, तर ते शंभराव्या दिवशी झाले. हा आकडा फार महत्त्वाचा आहे, कारण लेप्टोमध्ये मादी बहुधा गाभणकाळाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात गाभडते आणि संसर्ग त्याआधी एक ते चार आठवडे झालेला असतो. भरवल्याची तारीखच नसेल, तर डॉक्टरांना अंदाज बांधायलाही आधार राहत नाही.

पेटीत रबरी लांब हातमोजे, गमबूट, डोळ्यांवर लावायचा चष्मा, जाड प्लास्टिक पिशव्या, न पुसणारा मार्कर, थर्मोकोलचा डबा, बर्फाच्या जेलच्या पिशव्या आणि ब्लीचिंग पावडर ठेवा. रक्ताच्या नळ्या आणि सुया डॉक्टर आणतीलच, तरी साध्या नळ्यांचे एक पाकीट जवळ असलेले बरे.

तपासा: जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक शेडच्या भिंतीवर लिहिलेला आहे का? फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. नमुने कोणत्या प्रयोगशाळेत आणि कोणत्या वारी स्वीकारतात हे पशुधन विकास अधिकाऱ्यांना आजच विचारून ठेवा.

## टप्पा २: गाभडल्यावरचा पहिला तास

मादीला कळपातून काढा आणि उताराच्या खालच्या बाजूच्या खोलीत ठेवा. तिची लघवी वाहत दुसऱ्यांकडे जाता कामा नये. अनेक जण आजारी जनावराला शेडच्या वरच्या टोकाला बांधतात, कारण तिथे सावली असते. मग त्याच पन्हाळीतून तिची लघवी सगळ्या रांगेपुढून वाहते.

गर्भ आणि वार उचलण्याआधी एक फोटो काढा. स्वच्छ गोणपाटावर सगळे गर्भ ओळीने ठेवा आणि शेजारी मोजपट्टी धरा. हे दृश्य पाहवत नाही, पण त्यातून बरेच कळते. सगळे गर्भ जवळपास एकाच आकाराचे, वाढ झालेले आणि नुकतेच मेलेले असतील, तर लेप्टोचा संशय वाढतो. लहान-मोठे सुकलेले, काळपट गर्भ एकाच वितात असतील, तर पार्व्हो विषाणूकडे लक्ष जाते. अर्थात फोटोवरून निदान होत नाही, डॉक्टरांना दिशा तेवढी मिळते.

दोन-तीन ताजे गर्भ आणि वारेचा तुकडा वेगवेगळ्या दुहेरी पिशव्यांत घालून जेलच्या पिशव्यांवर ठेवा. गोठवू नका. उरलेले सगळे विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब, किमान दीड-दोन मीटर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

सावधान: जनावरांना तीव्र ताप असेल, कातडीवर जांभळे-लाल चट्टे असतील, आणि लहान-मोठी सगळीच पटापट मरत असतील, तर तो लेप्टो समजू नका. स्वाइन फीव्हर किंवा आफ्रिकन स्वाइन फीव्हर असू शकतो. मेलेले जनावर फाडू नका, एकही डुक्कर बाहेर विकू नका, लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवा.

## टप्पा ३: नमुने, आणि तेही औषधाच्या आधी

सगळ्यात जास्त चूक इथे होते. औषध टोचल्यावर रक्तातले आणि लघवीतले जंतू कमी होतात आणि पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी नकारात्मक येते. प्रतिपिंडांची (जंतूविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेल्या प्रथिनांची) पातळीही नीट चढत नाही. मग "लेप्टो नाही" असा कागद हातात पडतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. मादी अत्यवस्थ असेल तर तिला औषध द्यावेच लागेल, पण सुई टोचण्याआधी रक्त काढायला पाच मिनिटे पुरतात.

नमुने एकट्या गाभडलेल्या मादीचे घेऊन भागत नाही. लेप्टोची नेहमीची चाचणी म्हणजे एमएटी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सीरम आणि जिवंत जिवाणू यांची गाठ घालून पाहणे. एका जनावरासाठी तिचा फारसा उपयोग नाही, तिचा अर्थ कळपाच्या पातळीवर लागतो. कळपातील किमान १० जनावरे किंवा १० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी निवडा. त्यात गाभडलेल्या, न गाभडलेल्या, पहिलटकरणी, जुन्या माद्या आणि नर असे सगळे असू द्या. संसर्ग आधीपासून मुरलेल्या कळपात पहिलटकरणीच जास्त गाभडतात, जुन्या माद्या सावरलेल्या असतात. त्यामुळे दोन्ही गटांचा फरक पाहायला मिळाला पाहिजे.

रक्त डॉक्टरांनीच काढावे. डुकराला वरच्या जबड्याला फास लावून धरावे लागते आणि मानेतल्या खोल शिरेपर्यंत सुई न्यावी लागते. साध्या नळीतले रक्त सावलीत, न हलवता गोठू द्या आणि वर आलेले पिवळसर सीरम दुसऱ्या नळीत घ्या. न वेगळे केलेले रक्त बर्फाच्या कप्प्यात गोठवले तर पेशी फुटून नमुना लाल होतो आणि वाया जातो. दोन ते चार आठवड्यांनी त्याच जनावरांचे दुसरे नमुने घ्यायचे, म्हणून बिल्ला क्रमांक नळीवर लिहा. चिठ्ठी रबराने बांधली तर बर्फाच्या पाण्यात गळून पडते.

लघवी पकडायची तर सकाळी मादी उठल्याबरोबर, जमिनीवर पडण्याआधी, स्वच्छ डब्यात. पहिली धार सोडून द्या. लघवीतून जंतू रोज सुटत नाहीत, त्यामुळे एका मादीची एक लघवी नकारात्मक आली म्हणून ती मोकळी असे धरू नका. पाच-सहा माद्यांची लघवी तपासणे शहाणपणाचे. गर्भाच्या छातीतील द्रव मिळाला आणि त्यात प्रतिपिंडे सापडली, तर तो फार भक्कम पुरावा असतो, कारण डुकरिणीच्या वारेतून आईची प्रतिपिंडे गर्भात उतरत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये एसटीच्या पार्सलमध्ये दुपारभर तापलेला डबा प्रयोगशाळेत पोचला, तर आतल्या नमुन्यांचा भरवसा राहत नाही. पहाटेची गाडी पकडा, शनिवारी पाठवू नका, आणि डब्यावर दूरध्वनी क्रमांक लिहा.

तपासा: सोबतच्या अर्जावर चार गोष्टी आहेत का: गाभडल्याचा दिवस, भरवल्याची तारीख, याआधी दिलेली औषधे, आणि लेप्टोसह ब्रुसेलाचीही तपासणी करण्याची विनंती? ब्रुसेलाही डुकरिणी गाभडवतो आणि माणसालाही होतो, म्हणून तोच नमुना दोन्हींसाठी वापरून घ्या. डॉक्टरांना योग्य वाटले तर पीआरआरएसचीही (डुकरांच्या प्रजनन व श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराची) मागणी जोडा.

## टप्पा ४: अहवाल वाचताना

एमएटीमध्ये १:१०० (म्हणजे सीरम शंभर पट पातळ करूनही प्रतिक्रिया दिसणे) आणि त्यावरची पातळी सहसा सकारात्मक धरली जाते. पण १:१०० म्हणजे "हिला यानेच गाभडवले" असे नव्हे, आधी कधीतरी गाठ पडली होती एवढाच अर्थ. गाभडलेल्या बहुतेक माद्यांत १:१००० किंवा त्याहून वरची पातळी असेल, तर नुकता संसर्ग झाल्याचा अंदाज बळकट होतो. दुसऱ्या नमुन्यात पातळी चौपट चढली तर आणखी बरे. मात्र मादी गाभडते तोवर प्रतिपिंडे तयार होऊन गेलेली असतात, त्यामुळे चौपट वाढ दिसली नाही म्हणून लेप्टो नाही असे म्हणता येत नाही.

ब्रातिस्लाव्हाच्या बाबतीत पातळी खालीच राहते, कधी चाचणी सरळ नकारात्मकही येते. म्हणून प्रयोगशाळेला आधीच विचारा: चाचणीसाठीच्या तुमच्या जिवाणूंच्या संचात पोमोना, ब्रातिस्लाव्हा आणि तारासोवी आहेत का? संचात जो प्रकार नाही तो सापडणार नाही, ही साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते.

## टप्पा ५: औषध

औषध आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. मूत्रपिंडातले जंतू काढण्यासाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन गटातील इंजेक्शन वापरत; मांसासाठीच्या जनावरांत ते आता चालते का, हे डॉक्टरांना विचारा. त्याची पुस्तकी मात्रा किलोमागे २५ मिलिग्रॅम अशी सांगितली जात असे. कळपभर द्यायचे तर खाद्यातून टेट्रासायक्लीन गटाचे औषध काही दिवस देतात. त्याने गाभडणे थांबते, पण प्रत्येक वाहक जनावर मोकळे होईलच असे नाही.

तीन चुका नेहमी दिसतात. एक, वजनाचा अंदाज. १८० किलोच्या मादीला १०० किलोची मात्रा जाते. छातीचा घेर मोजून किंवा काट्यावर वजन घ्या. दोन, सुई छोटी. मोठ्या मादीच्या मानेवर चरबीचा जाड थर असतो, सुई साधारण चार सेंटिमीटरची नसेल तर औषध स्नायूऐवजी चरबीत जाते. तीन, आजारी मादीला खाद्यातून औषध. ती खातच नाही, आणि शेजारची दुप्पट खाते. टेट्रासायक्लीन चालू असताना चुनखडी किंवा कॅल्शियमचे मिश्रण जास्त असेल, तर औषध आतड्यात कमी शोषले जाते, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

सावधान: औषध चालू असलेले आणि नुकते संपलेले जनावर कत्तलीला देऊ नका. पत्रकावर थांबण्याचा काळ दिलेला नसेल, तर देशातील औषध नियमांप्रमाणे मांसासाठी किमान २८ दिवस थांबायचे.

लसीबद्दल विचारणा फार होते. काही देशांत माद्यांना भरवण्याआधी पार्व्हो आणि लेप्टोची एकत्रित लस देतात. आपल्याकडे काय उपलब्ध आणि परवानाप्राप्त आहे, ते डॉक्टरांना विचारा. कुत्र्यांची लेप्टोची लस डुकरांना टोचण्याचा उद्योग मात्र करू नका. ती डुकरांसाठी बनवलेली नाही आणि त्यातले सगळे प्रकारही जुळत नाहीत.

## टप्पा ६: ओल तोडा

औषधाचे पैसे वाया जायचे नसतील, तर खरा घाम इथे गाळा.

सकाळी पाणी सोडण्याआधी शेडमधून एक फेरी मारा. रात्रभरात वाळायला हवे होते आणि तरी ओले आहे, असे प्रत्येक ठिकाण खडूने वर्तुळ काढून खुणावा. बहुतेक शेडांत तीच ठिकाणे सापडतात: पाणी पिण्याच्या गळक्या निप्पलखालची जागा, गव्हाणीमागचा खड्डा, पन्हाळीचा अडलेला कोपरा, टाकीच्या कॉकखालचा चिखल. निप्पलखालच्या डबक्याशी वाकून पाहिले तर कडेच्या चिखलात उंदरांची बारीक पावले उमटलेली असतात. दिवसा तिथे डुकरे पितात, रात्री उंदीर.

मग क्रमाने:

१. गळती आधी. निप्पल बदला, वॉशर घाला, कॉक घट्ट करा. गळती चालू ठेवून केलेले निर्जंतुकीकरण संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.
२. शेण कोरडेच खरवडून काढा. त्यावर औषध फवारून उपयोग नाही, शेण ते औषध निकामी करते.
३. साबणाच्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. जोरदार फवाऱ्याने लघवीचे तुषार तोंडावर उडतात आणि शेजारच्या खोल्यांतही जातात.
४. निथळल्यावर ब्लीचिंगचे द्रावण मारा आणि अर्धा तास राहू द्या.
५. वाळू द्या. पूर्ण. दरवाजे, झडपा उघडून ऊन आत येऊ द्या, आणि फरशी पांढरी पडल्याशिवाय जनावर आत सोडू नका.
६. खड्डे सिमेंटने भरून पन्हाळीकडे उतार द्या.

आता उन्हाळ्याचा पेच. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. ४२ अंशांत त्याला पाणी दिले नाही तर ते उष्माघाताने मरेल, आणि नुसत्या उष्णतेनेही मादी गाभडते. म्हणून बरेच जण लोळायला डबके करून देतात, आणि पाणी टंचाईचे म्हणून तेच पाणी आठवडाभर ठेवतात. त्या डबक्यात प्रत्येक मादी लघवी करते आणि प्रत्येक मादी तोंड बुडवते. लेप्टोसाठी याहून सोयीची जागा नाही.

डबके बुजवा. त्याऐवजी मानेवर-खांद्यावर पडेल असा ठिबक किंवा फवारा उताराच्या फरशीवर बसवा. दोन-तीन मिनिटे चालू, मग अर्धा तास बंद, सोबत पंखा किंवा मोकळा वारा. गारवा मिळतो तो अंगावरचे पाणी उडून जाताना, पाण्यात बसून राहिल्याने नव्हे. यात पाणीही डबक्यापेक्षा कमी लागते. सूर्यास्तानंतर फवारा बंद, म्हणजे रात्रीत फरशी वाळते.

शेड धुतलेले पाणी पुन्हा वापरू नका. ते शोषखड्ड्यात जाऊ द्या. शेततळ्यात किंवा ओढ्यात सोडले तर तिथे पाणी पिणाऱ्या गाई-म्हशीही गाभडू शकतात, आणि त्या बहुधा शेजाऱ्याच्या असतात.

पिण्याच्या टाकीला झाकण हवेच. टँकरचे किंवा विहिरीचे पाणी असेल तर १००० लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ते पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून तासभर थांबा. ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्याकडे ओटी चाचणीचा संच असतो. त्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन दिसले की पुरे.

तपासा: संध्याकाळी सहानंतर पाणी बंद करून पहाटे पुन्हा पाहा. खडूच्या वर्तुळांपैकी किती कोरडी पडली? जी ओली राहिली तिथे गळती किंवा उतार राहून गेला आहे.

## टप्पा ७: उंदीर, घुशी, कुत्री

इथेही क्रम महत्त्वाचा. आधी सापळे आणि विषारी आमिष, अडगळ हलवणे नंतर. अडगळ आधी हलवली तर उंदीर पांगून नवी बिळे करतात. आमिष डुकरांचे तोंड पोचणार नाही अशा बंद पेट्यांत ठेवा. मेलेले उंदीर हातमोज्यांनी उचलून पुरा. खाद्य जमिनीपासून उचलून झाकणाच्या पिंपात ठेवा आणि रात्री गव्हाण रिकामी करा. राखणीच्या कुत्र्याला दरवर्षी त्याची स्वतःची लस द्या आणि त्याला शेडच्या आत फिरू देऊ नका.

## टप्पा ८: नर आणि नवी जनावरे

गावोगाव फिरणारा भाड्याचा नर ही आपल्याकडची मोठी वाट आहे. ब्रातिस्लाव्हासारखा प्रकार जननमार्गातही राहतो, त्यामुळे संसर्ग भरवताना पसरू शकतो. कळपात आजार सिद्ध झाला असेल, तर नराची तपासणी आणि उपचार माद्यांच्या बरोबरीने करा, आणि ते होईपर्यंत कोणाचा नर घेऊ नका, आपलाही देऊ नका.

नवे जनावर किमान महिनाभर वेगळे ठेवा. त्याचे पन्हाळे, बादली आणि झाडू वेगळे असू द्या. पहिल्या दिवशी आणि महिन्याच्या शेवटी असे दोनदा रक्त तपासा. संसर्ग झाल्यावर प्रतिपिंडे दिसायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून विकत आणल्या दिवसाचा एकच अहवाल पुरेसा नाही.

## टप्पा ९: शेडमध्ये काम करणारी माणसे

गाभडलेल्या मादीला हात लावणाऱ्याने मोजे, गमबूट आणि चष्मा घातलाच पाहिजे. जिवाणू भेगा पडलेल्या टाचांतून, नखांजवळच्या ओरखड्यांतून आणि डोळ्यांतून आत शिरतो. अडलेले पिल्लू उघड्या हाताने ओढण्याची सवय बंद करा. मजुरांना मोजे-गमबूट विकत घ्यायला सांगू नका, मालकाने द्यायचे असतात.

पुढच्या महिनाभरात कोणालाही ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य वेदना, लाल डोळे, कावीळ किंवा लघवी कमी होणे असे काही झाले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा: "मी डुकरांच्या शेडमध्ये काम करतो, तिथे मादी गाभडली आहे." कोरड्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या मनात लेप्टो लगेच येईलच असे नाही. हे एक वाक्य वेळेवर उपचार सुरू करून देते. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, हे त्यांनाच ठरवू द्या.

## टप्पा १०: पुढचे सहा महिने

औषध संपले म्हणून वही मिटवू नका. दर महिन्याला तीन आकडे काढा: किती गाभडल्या, वितामागे किती पिल्ले मेलेली किंवा अशक्त, किती माद्या उलटल्या. औषधानंतर पहिल्या दोन महिन्यांत एखादी मादी गाभडली, तर ती आधीच्या संसर्गाची शिल्लक असू शकते. तिचेही नमुने घ्या, पण लगेच सगळ्यांना पुन्हा टोचू नका. तिसऱ्या महिन्यानंतरही प्रकार चालू असेल, तर सकाळची खडूची फेरी पुन्हा मारा, नराचा अहवाल काढून पाहा, आणि नमुन्यांत ब्रुसेला, पार्व्हो, पीआरआरएस यांची मागणी केली होती का ते डॉक्टरांसोबत तपासा. सहाव्या महिन्यात पाच-सहा माद्यांची लघवी पुन्हा पीसीआरसाठी पाठवा. त्यात आधी न गाभडलेल्या दोन तरी असू द्या, कारण वाहक त्यांच्यातही दडलेली असू शकते.